ठकूला खोटं काम चालत नाही

ठकू सव्वातीन वर्षांची असताना मी तिला एकदा फसवायला गेलो. मी कणीक मळत होतो आणि ती पायात लुडबुडत होती. म्हणून तिच्या हातात एक रिकामं पातेलं आणि पळी दिली आणि म्हटलं, "तू वरण ढवळ बरं." तिनं थोडा वेळ ढवळलं, आत डोकावून पाहिलं, मग पातेलं माझ्यासमोर उपडं केलं. "बाबा, ह्यात वरणच नाहीये."

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात तिला द्यायचं काम खरं असतं. खरं म्हणजे असं, की तिनं ते केलं नाही तर पदार्थ अडून बसेल. हे पाळायला सोपं नाही. चार वर्षांच्या मुलीला विळी देता येत नाही, गॅसजवळ उभं करता येत नाही, आणि बहुतेक पदार्थांमध्ये चिरणं आणि परतणं सोडलं तर उरतं काय? तरी शोधत गेल्यावर लक्षात आलं की आपल्याकडचे सणावारांचे, त्या त्या ऋतूतले पदार्थ ह्या बाबतीत फार कामाचे आहेत. सोलणं, कुस्करणं, वळणं, दुमडणं, वाळत घालणं, राखण करणं. पूर्वी घरात दहा माणसं आणि त्यात सहा पोरं असायची, तेव्हा पोरांच्या वाट्याला हीच कामं येत असणार.

थोडं आमच्याविषयी, म्हणजे मापं कळतील. मी साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवतो. ठकूची आई नर्स आहे, तिची ड्युटी तीन पाळ्यांत फिरते, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस स्वयंपाकघर माझ्याकडे आणि ठकू माझ्याकडे. माझी आई कोरेगाव तालुक्यात गावी असते. पाककृती तिच्याकडून फोनवर येतात आणि त्यात माप कधीच नसतं. "किती गूळ घालू?" विचारलं की म्हणते, "आरं, मोजतोस काय? हातानं बघ की." मी मोजतो. खाली जिथे 'वाटी' म्हटलंय ती आमटीची, दीडशे मिलीची.

आधी बसायची सोय

ओट्याशी स्टूल लावून पोराला उभं करायचा नाद सोडा. आम्ही तो करून पाहिला. एक हात सतत तिच्या पाठीशी धरावा लागतो आणि मग एका हातानं होतो तेवढाच स्वयंपाक होतो. त्यापेक्षा जमिनीवर जुनं बेडशीट पसरा, त्यावर परात ठेवा आणि दोघं समोरासमोर मांडी घालून बसा. सांडलं तर बेडशीटवर सांडतं, पडायची भीती नाही, आणि गॅस आपोआप लांब राहतो.

वेळ निवडताना तिची भूक बघा. भुकेल्या मुलाला लाडू वळायला बसवलं तर लाडू वळले जात नाहीत, खाल्ले जातात आणि मग रडारड. आमचं काम जेवून झाल्यावर तासाभरानं सुरू होतं. वीस मिनिटं धरा. त्यापुढे ती टिकली तर तुमचं नशीब.

घरातल्या नर्सचा एक नियम मात्र वाटाघाटीपलीकडचा आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम द्यायचे नाहीत. घशात अडकतात. कूट करून द्या, भरड करून द्या. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून. बोरातली बी काढून. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. आणि तीळ किंवा दाण्याचं काहीही पहिल्यांदा देताना अगदी चिमूटभर द्या आणि थांबून बघा, काही मुलांना त्याची ॲलर्जी असते.

कैरी

वर्ष चैत्रापासून सुरू होतं, आपणही तिथूनच करू. मार्च संपता संपता मंडईत कैऱ्या दिसायला लागतात. पन्ह्यासाठी आंबट गावठी कैरी घ्या. तोतापुरी तिखटमीठ लावून खायला छान, पण तिचं पन्हं मिळमिळीत होतं.

अर्धा किलो म्हणजे मध्यम आकाराच्या तीन कैऱ्या. धुऊन, देठ काढून कुकरच्या डब्यात ठेवायच्या. डब्यात पाणी घालू नका, नाहीतर साल फाटून अर्धा गर पाण्यात जातो. तीन शिट्ट्या. मग कुकर आपोआप गार होऊ द्या आणि कैऱ्या कोमट होईपर्यंत हात लावू नका. बाहेरून गार वाटल्या तरी कोयीजवळ चांगल्याच गरम असतात, म्हणून मी आधी एक स्वतः दाबून बघतो.

ठकूचं काम इथून पुढचं. शिजलेली कैरी रंगानं पिवळट-शेवाळी झालेली असते, साल सैल सुटलेली. ती दोन्ही हातांत धरायची आणि दाबायची. पहिल्या वर्षी तिनं बोटानं जरासं टोचलं आणि हात मागे घेतला. "हे गिळगिळीत आहे." मी म्हटलं, आहेच. मग मी एक दाबून दाखवली. सालीच्या फटीतून गर पचकन परातीत पडला आणि ती इतकी हसली की पुढच्या दोन्ही कैऱ्या तिनंच पिळल्या. कोपरापर्यंत गर. साल उलटी करून आतून चमच्यानं खरवडायची असते, ते तिला अजून जमत नाही, ते मी करतो. कोय मात्र तिची. कोयीला चिकटलेला गर ओढून काढायला दहा मिनिटं लागतात आणि ह्या दहा मिनिटांत मी गूळ चिरून घेतो.

गर साधारण दीड वाटी निघतो. त्याला अडीच वाट्या चिरलेला गूळ. कैरी फारच आंबट निघाली तर तीन. गर कोमट असतानाच गूळ घाला म्हणजे विरघळवायला वेगळं तापवावं लागत नाही. गुठळ्या बोटांनी मोडायचं काम पुन्हा ठकूकडे. अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड, असेल तर चार काड्या केशर. गाळणीतून गाळायची गरज नाही, रेषा आल्या तर येऊ द्या. काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस राहतं. प्यायच्या वेळी पेलाभर गार पाण्यात तीन मोठे चमचे.

मिठाबद्दल एक सांगतो. मुलांसाठी आहे म्हणून मीठ टाळू नका. चिमूटभर मिठाशिवाय पन्हं हे नुसतं गुळाचं पाणी लागतं. ठकूला मी एकदा दोन पेले दिले, एक मिठाचा, एक बिनमिठाचा. तिनं बिनमिठाचा माझ्याकडे सरकवला.

गच्चीवर

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षांचे पेपर तपासून झाले की मला सुट्टी लागते, आणि साताऱ्याचं ऊन तेव्हा अगदी वाळवणाच्या लायकीचं असतं. माझी आई गव्हाच्या कुरडया घालते. त्यात तीन दिवस गहू भिजत घालणं, रोज पाणी बदलणं, वाटून चीक काढणं, तो शिजवणं, गरम असतानाच सोऱ्यातून घालणं आलं. ते मी करत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. लहान मुलाबरोबर करायला साबुदाण्याच्या पळीपापड्या बऱ्या. चुकायला वाव कमी, आणि सोऱ्या लागत नाही.

दोन वाट्या साबुदाणा रात्री धुऊन तीन वाट्या पाण्यात भिजत घाला. सकाळी लवकर, म्हणजे सहाला उठून, जाड बुडाच्या पातेल्यात सात वाट्या पाणी उकळा, त्यात जिरं आणि मीठ. मीठ तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्मं. पापडी वाळल्यावर आकारानं आक्रसते पण मीठ तेवढंच राहतं, त्यामुळे ओल्या पिठाला बरोबर वाटणारं मीठ वाळल्यावर खारट होतं. ह्या एका गोष्टीपायी माझी पहिली खेप वाया गेली. भिजलेला साबुदाणा घालून मंद आचेवर ढवळत राहा. पंधरा-वीस मिनिटांत दाणे पारदर्शक दिसायला लागतात आणि मिश्रण डावातून सलग, जडसं पडतं. तेव्हा बंद करा. निम्म्या भागात बिटाचं थोडं पाणी घातलंत तर गुलाबी पापड्या होतात. ठकूच्या हिशेबी खऱ्या पापड्या त्याच, पांढऱ्या नुसत्या असतात.

मोठी माणसं हे गरमच घालतात. तुम्ही अर्धा तास थांबा, कोमट होऊ द्या. जरा दाट होतं, मग दोन चमचे गरम पाणी मारून सारखं करा. गच्चीवर जाड प्लास्टिकचा कागद पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा आणि मुलाच्या हातात छोटा डाव द्या. एक डाव ओतायचा, डावाच्या बुडानं एकदाच गोल फिरवायचा. फार फिरवलं तर मध्ये भोक पडतं. ठकूच्या पापड्या पहिल्या ओळीत वर्तुळ असतात, तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांचे देश झालेले असतात. दोन पापड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवायला सांगा. ते ती विसरेलच, मग चिकटलेल्या जोडपापड्या होतात. त्या तशाच तळा. ह्या मापात चाळीस-पंचेचाळीस होतात.

खरं काम त्याच्या पुढचं. राखण. छत्री, पाण्याची बाटली, एक लांब काठी आणि आजोबांची जुनी टोपी एवढा जामानिमा घेऊन ठकू जिन्याच्या तोंडाशी सावलीत बसते. मी शेजारी वर्तमानपत्र घेऊन. समोर अजिंक्यतारा उन्हात करपलेला. कावळा कठड्यावर येऊन बसला की ती आधी त्याला समजावते. "अजून ओल्या आहेत. उद्या ये." मग काठी. अकरानंतर तिथे बसवू नका, ऊन लागतं. तोवर पापड्यांवर साय धरलेली असते आणि कावळ्यांचा उत्साहही संपलेला असतो.

संध्याकाळी कडा आपोआप सुटून वर आलेल्या दिसतील. त्या हलक्या हातानं सोडवून उलटवायच्या. हे काम मुलांना भारी जमतं, त्यांची बोटं बारीक असतात. आणखी दोन दिवस कडक ऊन. पापडी मोडल्यावर कट्‌ आवाज आला की डब्यात. गेल्या वर्षी दुसऱ्या दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. मी वर पोचेपर्यंत कागदावर खळ झाली होती. ठकू जिन्यात उभी राहून पावसालाच ओरडत होती की अजून ओल्या आहेत. तेव्हा दुपारी कुणीतरी घरी असेल असेच तीन दिवस निवडा आणि ढग दिसले की कागदासकट घडी घालून आत आणा.

ह्या पापड्या डब्यात पडून राहतात आणि जुलैत कामाला येतात. बाहेर संततधार, शाळेतून भिजून आलेलं पोर, कढईत टाकल्याबरोबर दुपटीनं फुललेली गुलाबी पापडी. "ही मी केलेली," हे तिला त्या वेळी बरोबर आठवतं. चार वर्षांच्या मुलाला तीन महिन्यांपूर्वीचं दुसरं काही आठवत असेल असं मला वाटत नाही.

जुलैतच मक्याची कणसं येतात. त्यांची पानं सोलणं आणि आतले रेशमी केस एकेक करून ओढणं हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होतो. कणीस मी भाजतो. लिंबाच्या फोडीला मीठ लावून कणसावर घासायचं काम तिचं. दाणे मात्र सुरीनं उतरवून देतो आणि चमच्याच्या पाठीनं थोडे चेपतो.

तवा न ठेवायचा दिवस

श्रावण शुद्ध पंचमीला, नागपंचमीला, आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत आणि चुलीवर तवा ठेवत नाहीत. नांगरही चालवायचा नाही. लहानपणी मला ही कटकट वाटायची. आता वाटतं, सुरी नाही, कढई नाही, तवा नाही, म्हणजे वर्षातला हा एकच दिवस अख्खा स्वयंपाक चार वर्षांच्या मुलीच्या बेतानं ठरवलेला आहे. पदार्थ पुरणाचे दिंड. वाफवलेले, मऊ, आणि महत्त्वाचं म्हणजे घडी घालायचे.

पुरण आदल्या दिवशी करून ठेवा. एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून कुकरला मऊ शिजवायची, पाणी निथळायचं (त्याची कटाची आमटी करा, फेकू नका), मग पाऊण ते एक वाटी गूळ घालून आटवायचं. उलथनं पुरणात उभं राहिलं की झालं. वेलची-जायफळ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. यंत्राची दांडी फिरवण्यासाठी ठकू भांडते. पण त्या वेळी पुरण चटका देण्याइतकं गरम असतं, म्हणून शेवटचं मूठभर गार करून तिच्यासाठी ठेवतो.

सणाच्या दिवशी दीड वाटी कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, नेहमीच्या पोळीपेक्षा किंचित घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढी गोळी घेऊन पुरी लाटा, फार पातळ नको. मधोमध चमचाभर पुरण. आता घडी. मी ठकूला अशी शिकवली: डावीकडची चादर, उजवीकडची चादर, मग पायाकडची आणि डोक्याकडची. पुरणाला झोपवायचं. शेवटची बाजू जरा पाण्याचं बोट लावून दाबायची आणि दिंड पालथा ठेवायचा, म्हणजे स्वतःच्या वजनानं जोड मिटतो. चाळणीला तेलाचा हात लावून, एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडून, झाकणाला फडकं बांधून बारा ते पंधरा मिनिटं वाफवा. फडकं विसरलात तर झाकणावरचं पाणी दिंडांवर ठिबकतं आणि वरून ते चिकट होतात. ह्या मापात बारा-तेरा होतात. वाढताना तूप सढळ हातानं.

मुलं पुरण जास्त भरतात. सांगून उपयोग नाही. पहिल्या वर्षी तिचे पाचपैकी तीन दिंड वाफेत फाटले आणि पुरण चाळणीतून खाली पाण्यात गेलं. झाकण उघडल्यावर तिचं तोंड बघवेना. मी आईला फोन लावला. आईनं तिच्याशी थेट बोलायचा हट्ट धरला. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवून ठकू आली आणि म्हणाली, "फाटके दिंड नागोबाला आवडतात, आजी म्हणाली." तेव्हापासून एक दिंड मुद्दाम फाटका ठेवला जातो. फाटला नाही तर ती बोटानं फाडते.

डब्यात काय आहे

नवरात्रात आमच्याकडे हादगा असतो, पुण्याकडे त्यालाच भोंडला म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती मुलींनी फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. आमच्या कॉलनीत चार-पाच घरांत आळीपाळीनं होतो.

खिरापतीसाठी मी सुकं खोबरं निवडतो. खोबऱ्याची एक मोठी वाटी किसून मंद आचेवर तांबूस भाजायचं. गार झालं की पोराच्या हातात द्या. हातानं चुरायचं, त्यात पिठीसाखर, भाजलेली खसखस, वेलची घालून कालवायचं. किती साखर? चाखत चाखत. ठकूला चाखायला सांगितलं की मला आधीच अंदाज घेऊन दोन चमचे जास्तीचं खोबरं करावं लागतं.

खरी अडचण पाककृतीत नाही, गुपितात आहे. डबा वाजवून बघायचा, गोड की तिखट विचारायचं, सगळ्यांनी नावं घ्यायची आणि यजमानीणबाईंनी नाही नाही म्हणायचं, ही त्या खेळाची गंमत. ठकूला मी बजावलं होतं की कुणाला सांगायचं नाही. मुली आल्या. ठकू दाराशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या कानाला लागून म्हणाली, "खोबरं आहे, पण तू ओळखू नकोस." आणि त्या पोरी इतक्या शहाण्या निघाल्या की सगळ्यांनी दहा मिनिटं चिवडा, लाडू, शिरा, भेळ म्हणून चुकीची नावं घेतली. ठकू आनंदानं नुसती नाचत होती.

कोजागरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दूध आटवणं मुलांचं काम नव्हे, आणि चंद्र वर येईस्तोवर ती झोपते. दुसऱ्या दिवशी सकाळी गार मसाला दूध द्या, आदल्या रात्री चंद्र ह्यात पोहून गेला म्हणून सांगा. दिवाळीत शंकरपाळ्या कापायला कातणं द्या. त्याला धार नसते आणि कडेला नक्षी उठते. तळायला मात्र तिला झोपवून मगच बसा.

भोगी आणि तिळगूळ

डिसेंबरात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आमच्याकडे गल्लोगल्ली येते. मुलांना ती चमच्यानं ठेचून गार दुधात घालून द्या. गरम दुधात घातलीत तर दूध नासतं, आंबटपणामुळे.

पण हिवाळ्यातलं मुख्य काम भोगीचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिसळीची भाजी करायची: वांगी, गाजर, पावटे, घेवडा, ओला हरभरा, ओले शेंगदाणे, दोन बोरं, उसाचे दोन करवे, तिळाचं कूट आणि आमच्याकडे कांदा-लसूण मसाला. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणतात. ह्या भाजीत मुलासाठी सोलण्याचं एवढं काम असतं की सकाळी नऊला बसवलेलं पोर साडेदहापर्यंत हलत नाही. पावट्याची शेंग कडेनं कशी उघडायची हे एकदा दाखवा. हरभऱ्याच्या घाट्याला बोटानं दाबलं की फट्‌ आवाज येतो, त्यासाठी ती अर्धा किलो सोलते. सोलता सोलता तोंडात टाकायची सवय मोठ्यांना असते, तिच्यापुढे तेवढं टाळा. अख्खा हरभरा नको म्हणतो आणि स्वतः खातो, हे तिला लगेच दिसतं. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर जरूर आणा. त्याच्या दाण्यावर लाल पट्टे असतात. ठकू आधी त्यांची 'वाघ' आणि 'मोठे वाघ' अशी वाटणी करते, मग मला शिजवायला देते.

भाकरी थापून झाली की तव्यावर टाकण्याआधी वरच्या बाजूला तीळ पेरून तळव्यानं दाबायचे. हे पूर्णपणे तिचं. एका भाकरीवर तिळाचं शेत असतं, दुसरीवर तीन दाणे.

आता तिळगूळ. पाकाचा करू नका. गुळाचा पाक हाताला चिकटला की सुटत नाही आणि भाजतो खोलवर, मुलांच्या आसपास तो नकोच. शिवाय माझा पाक बिघडतो. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी केलेल्या वड्या ताटातून निघाल्या नाहीत. ते ताट आम्ही उलतन्यासकट टाकून दिलं.

बिनपाकाचे लाडू असे. दोन वाट्या तीळ मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले आणि खमंग वास आला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवलेत तर करपून कडू होतात. एक वाटी शेंगदाणे भाजून सालं काढा. भाजून गार झालेले दाणे सुपात घेऊन चोळायचे आणि फुंकर मारून सालं उडवायची, हे ठकूचं. (घरभर सालं होतात, केर नंतर काढा.) तीळ आणि दाणे वेगवेगळे मिक्सरमधून भरड काढा, सलग फिरवू नका, थांबून थांबून, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. मग दीड वाटी बारीक चिरलेला साधा गूळ. चिक्कीचा गूळ नको, त्यानं लाडू दगड होतात. अर्धा चमचा वेलचीपूड, चमचाभर तूप. सगळं पुन्हा एकदा मिक्सरमधून फिरवलं की मिश्रण मुठीत धरून राहायला लागतं. नाही राहिलं तर आणखी अर्धा चमचा तूप.

बेडशीट पसरा. तिच्या तळहाताला तूप लावा. ठकूची मूठ लहान, त्यामुळे तिचा लाडू सुपारीएवढा होतो, माझा लिंबाएवढा. तिला वळताना बघत बसावं. आधी दाबते, मग दोन्ही तळव्यांत घेऊन जीभ बाहेर काढून फिरवते, मग उघडून बघते. चीर दिसली की पुन्हा. गेल्या संक्रांतीला पंचवीस लाडू झाले, त्यातले सोळा तिचे. मी तिला विचारलं, मग माझे किती? तिनं बोटं मोजली नाहीत, लाडूच मोजले, आणि मोजता मोजता एक खाल्ला. उत्तर आठ आलं. मी बरोबर दिलं.

बोरन्हाणाविषयी जाता जाता. ते रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, लहान पोरांचं करतात. हलव्याचे दाणे कडक आणि छोटे, लुटायला आलेली दोन वर्षांची पोरं ते सरळ तोंडात घालतात. आम्ही ठकूच्या वेळी हलवा दागिन्यांपुरता ठेवला आणि डोक्यावरून कुरमुरे आणि बिस्किटं ओतली.

संक्रांतीच्या सकाळी ठकूची आई रात्रपाळी करून आठला घरी आली. चपला काढायच्या आधीच तिच्यापुढे स्टीलचा डबा धरला गेला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." तिनं एक सुपारीएवढा लाडू उचलला, खाल्ला आणि विचारलं, "मस्त झालाय गं. कुणी केले?"

"बाबांनी भाजलं," ठकू म्हणाली. "बाकी सगळं मी."